बाजूला बसायचं, मग पुढे काय?

संध्या,

आपल्या व्हिडिओ चॅनेलचा फोन आता माझ्याकडे आहे. तेराव्याची जेवणं आटोपल्यावर तुझ्या लेकीने, रुचाने, तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "मावशी, हा वाजतच राहतो. मला घरात नको." मी तो पर्समध्ये टाकला, तुझ्या फोटोला पुन्हा एकदा नमस्कार केला आणि टेमघरला घरी यायला निघाले. रिक्षात तो परत वाजला. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, उठाओ ना, किसी का अर्जंट होगा." त्याला काय सांगणार? जिच्यासाठी फोन येतोय ती बाई आता फोन उचलायला नाही, हे मलाच अजून नीट म्हणता येत नव्हतं.

शाळेतल्या शोकसभेत तुझ्याबद्दल सगळे बरंच बोलले. किती वर्षं शिकवलंस, किती विद्यार्थी घडवलेस, सगळं. मी ते इथे लिहिणार नाही. ते ऑफिसात तुझ्या सर्व्हिस बुकात आहे आणि ते मीच भरलंय. मला तुझ्याशी भांडण पुरं करायचं आहे. ते तू अर्धवट टाकून गेलीस. सकाळी गॅसवर दूध ठेवलंस, खुर्चीत टेकलीस आणि संपलं. दूध उतू जाऊन वास सुटेपर्यंत घरात कुणाला कळलंही नाही. तासाची घंटा व्हायच्या आत वर्गात हजर असणारी बाई भांडणाच्या मध्येच उठून जाते, हे मला पटलेलं नाही. रागच आलाय मला तुझा. बाकीचं जे आहे ते रागाच्या खाली आहे, आणि त्याला मी अजून हात लावलेला नाही.

आपलं सगळं सुरू झालं ते एका पेन ड्राइव्हमुळे. तू मधल्या सुट्टीत घाईघाईने ऑफिसात आलीस आणि माझ्यासमोर एक चकचकीत, आकाशी रंगाची कांडी ठेवलीस. "सुनंदा, रुचाच्या टेबलावर हा पेन ड्राइव्ह मिळाला. दुसऱ्या घटक चाचणीचा पेपर यात घालून दे गं." मी शाळेची क्लार्क, जन्मभर कागद आणि कॉम्प्युटर यांच्याशी झटापट केलेली. मी तो उलटा लावून पाहिला, सुलटा लावून पाहिला, तोंडाने फुंकर मारली, पदराने पुसला. तो काही बसेना. तू वर मला शिकवत होतीस, "अगं, जरा जोर लाव." शेवटी कॉम्प्युटरच्या मॅडम आल्या, त्यांनी ती कांडी पाहिली, आधी ऑफिसचं दार लोटलं आणि मग हळूच म्हणाल्या, "संध्या मॅडम, ये पेन ड्राइव्ह नहीं है. ये वेप है, ई-सिगरेट. इसको पीते हैं."

मला हसू आलं. खरंच आलं. आपण दोघी घोड्यासारख्या बायका त्या कांडीला कॉम्प्युटरमध्ये ठोकत बसलो होतो. मग मी तुझ्याकडे पाहिलं आणि हसू जिथल्या तिथे थांबलं. तू ती कांडी नाकाशी नेऊन वास घेत होतीस. स्ट्रॉबेरीचा गोड वास होता तो, लहान मुलांच्या खोडरबराला येतो तसा. रुचा तेव्हा अकरावीत होती.

तू कपाळाला हात लावून बसली नाहीस. आठवड्याभराने माझ्याकडे आलीस आणि म्हणालीस, "मी विज्ञान शिकवते. निकोटीन म्हणजे काय हे मी फळ्यावर लिहून देते. आणि माझ्या घरात ही वस्तू आली तर मला ती ओळखता आली नाही. मग बाकीच्या आयांनी काय करायचं?" त्या वाक्यातून आपलं चॅनेल निघालं. बोलणार तू, शूटिंग करणार मी, कारण शाळेच्या गॅदरिंगचं शूटिंग मी फोनवर करायचे आणि तेवढ्यावर तू मला कॅमेरामन ठरवून टाकलंस.

जागा शाळेची प्रयोगशाळा. फोन धरायला ब्युरेटचा स्टँड. दिवस फक्त शुक्रवार, कारण शाळेच्या मागच्या गल्लीतले कापडाचे लूम शुक्रवारी बंद असतात. बाकीच्या दिवशी तू "आयांनो, एक मिनिट" म्हणालीस की त्यातलं 'आयांनो' लूम खायचे आणि 'मिनिट' तेवढं उरायचं. आणि तुझं ते एक मिनिट! एवढ्या वेळात माझी डाळ शिजून झाली असती. मी मागून हाताने कात्री दाखवायचे, तू माझ्याकडे बघतच नसायचीस. मराठीतून झालं की लगेच सगळं हिंदीतून. तुझं हिंदी म्हणजे मराठीच होती, फक्त शेवटी 'है' लावलेली. "ये वाफ दिखता है, मगर ये फसवणूक है." लूमवाल्या वस्तीतल्या बायकांना ते इतकं आवडलं की त्या घरात पोरांना "फसवणूक मत कर" म्हणायला लागल्या. असं त्यांनीच कळवलं होतं.

पहिला व्हिडिओ मात्र पार फसला. खरी वस्तू हातात धरायची नाही हे तुझं तत्त्व, म्हणून तू फळ्यावर रंगीत खडूंनी वेपचं चित्र काढलंस. तुझा हात आधीच चांगला. त्यात तू निळ्याला जांभळ्याची छटा दिलीस. खाली पोरांच्या प्रतिक्रिया आल्या, "मॅडम, ये वाला कलर किधर मिलेगा?" मी म्हटलं, वस्तू दाखवूच नको. तू म्हणालीस, दाखवली नाही तर आया ओळखणार कशा? यावर आपण बरेच शुक्रवार वाद घातला. शेवटी तू टेबलावर मांडामांड केलीस: हायलायटर, खरा पेन ड्राइव्ह, लिपस्टिक आणि त्यांच्यात पुठ्ठ्याची केलेली एक मळकट, बेढब वेप. रंग नाही, चकाकी नाही. "यातलं काय तुमच्या मुलाच्या दप्तरात असू नये, ओळखा." तो व्हिडिओ चालला. स्थानिक केबलवाल्यांनी तुला बोलावलं, तिथून एका पेपरात चौकट आली. केबलवाल्यांनी तुझ्या बोलण्याच्या मागे भुताच्या सिनेमातलं संगीत टाकलं होतं. तू घरी टीव्हीसमोर बसून ते पाहिलंस आणि मला फोन केलास, "मी पोरांना घाबरवायला गेले होते का गं?" तुला त्याचा खूप त्रास झाला होता. मला वाटलं होतं, प्रसिद्धी मिळाली, अजून काय पाहिजे.

आणि राहनाळचा देखावा. तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. माझा भाऊ दिनेश तिथल्या गणपती मंडळाचा अध्यक्ष, गोदामांना टेम्पो लावतो. त्याला मीच म्हटलं होतं, यंदा वेपवर देखावा करा. त्याने मनावर घेतलं. लग्नाच्या हॉलवाल्याकडून धुराचं मशीन आणलं, मोठा थोरला वेपचा राक्षस केला आणि राक्षसाच्या तोंडातून धूर सोडला. वर लाल-हिरवे दिवे. आपण दोघी पोचलो तेव्हा गणपतीसमोर कुणीच नव्हतं, सगळी पोरं राक्षसासमोर. एकेक जण तोंड पुढे करून धूर घेत होता, मोबाईलवर फोटो काढत होता आणि परत रांगेत उभा राहत होता. दिनेश गालात तंबाखूची गोळी धरून अभिमानाने आपल्याकडे आला. "ताई, बघ पब्लिक! असा देखावा अख्ख्या तालुक्यात न्हाय. पोरां हलत न्हाय इथून." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तू आधी बाप्पाला नमस्कार केलास, प्रसाद घेतलास आणि दिनेशला म्हणालीस, "भाऊ, राक्षस फार देखणा झालाय. त्याला जरा कुरूप करता येईल का? आणि तोंडातली गोळी तेवढी बाहेर टाका, मग पुढचं बोलू." दिनेश बिचारा खरंच मागे जाऊन थुंकून आला. दुसऱ्या दिवशी मशीन परत गेलं. आता तो म्हणतो, "बाई व्हत्या म्हनून आयकला, दुसऱ्या कुनाचा आयकला नसता."

हे सगळं झालं, पण आपलं खरं भांडण वेगळंच होतं. मी म्हणायचे, पेन ड्राइव्हची गोष्ट सांग. कॅमेऱ्यासमोर बसून सांग की माझ्या घरात हे घडलं. जिच्या घरात घडलंय तिचं लोक ऐकतात. नुसत्या शहाण्या बाईचं कोण ऐकतं?

"अख्खी भिवंडी ऐकेल," मी म्हणायचे.

"अख्ख्या भिवंडीला रुचाचं काय करायचंय?"

"नाव नको घेऊस. 'माझ्या घरात' एवढंच म्हण."

"मला एकच मुलगी आहे, सुनंदा. माझ्या घरात म्हटलं की नाव घेतल्यासारखंच झालं."

मग मी चिडायचे. एकदा तुला तोंडावर म्हटलं, दुसऱ्यांच्या घरात डोकावतेस आणि स्वतःच्या घराला पडदा लावतेस. लोक काय म्हणतील याला भितेस तू. तू स्टँडचा स्क्रू घट्ट करत होतीस. तो घट्टच होता, तरी करत राहिलीस. "असेल," एवढंच म्हणालीस. शेवटच्या शुक्रवारी कुणीतरी व्हिडिओखाली लिहिलं होतं, 'मॅडम, आधी स्वतःच्या घरात बघा.' मी परत तोच विषय काढला. आज तरी उत्तर दे, म्हटलं. तू पर्स उचललीस. "पुढच्या शुक्रवारी बोलू," म्हणालीस, आणि जिना उतरून गेलीस. जिन्यावरून तुझ्या चपलांचा आवाज आला, तेवढाच.

आता फोनबद्दल सांगते.

तुला माहीतच आहे, व्हिडिओखाली बायका काही लिहीत नाहीत. चार लोक वाचतील म्हणून घाबरतात. त्या आवाजात निरोप पाठवतात, हळू आवाजात, मागे कुकरच्या शिट्ट्या, कधी लूमची खटखट. तू प्रत्येकीला आवाजातच उत्तर द्यायचीस. तेराव्याच्या रात्री घरी आल्यावर मी ते निरोप लावून ऐकत बसले. एका बाईचा निरोप होता, लूमवाल्या वस्तीतली असावी, ताईला बाजी म्हणणारी. "बाजी, अस्सलाम अलैकुम. आप बोले थे ना, चिल्लाना नहीं, तलाशी नहीं लेना, बस बाजू में बैठना. तो मैं बैठी. रोज़ बैठी. लड़का कुछ बोला नहीं, पर उठ के गया भी नहीं. अब आगे क्या करना है, बाजी?" त्याच्या खाली तिचाच आणखी एक होता. "बाजी, आप जवाब नहीं दिए. नाराज़ हैं क्या?"

मी उत्तर द्यायला गेले. पहिल्यांदा रेकॉर्ड केलं तर माझ्या तोंडून सगळं नोटीस बोर्डाच्या भाषेतच आलं, 'सर्व पालकांना कळविण्यात येते' अशा थाटाचं. पुसून टाकलं. दुसऱ्यांदा बोलायला लागले तर सांगायला काही नव्हतंच. बाजूला बसायचं, हे मलाही माहीत. मग पुढे काय? म्हणून मी तुझी जुनी उत्तरं लावली. तुझा आवाज घरात आला आणि मी फोन उशीखाली दाबला. मग थोड्या वेळाने परत काढला. तू सगळ्याजणींना एवढंच सांगितलेलं, "बाजू में बैठो. फिर मुझे फोन करना." पुढचं तू फोनवर बोलायचीस, प्रयोगशाळेचं दार लावून. मी बाहेर चपला घालून उभी असायचे आणि उशीर होतो म्हणून करवादायचे. एकदाही ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी रुचाला फोन केला. म्हटलं, एका बाईला उत्तर द्यायचंय, तुझी आई पुढे काय सांगायची ते तुला माहीत आहे का?  ती म्हणाली, "मावशी, शुक्रवारी येते शाळेत."

आली. तुझ्याच स्टुलावर बसली. तुझ्यासारखीच बसते, एक पाय दुमडून. आणि मला म्हणाली, "मावशी, ते मटार आठवतात?"

आठवतात म्हणजे काय! त्या हिवाळ्यात तुझ्या डब्यात रोज मटार. मटार उसळ, मटार भात, मटार करंज्या, मटार घातलेले पोहे. स्टाफरूममध्ये मीच तुला चिडवलं होतं की मटारवाल्याशी सोयरीक जुळवली आहेस का. तू हसली होतीस आणि मला आणखी एक करंजी वाढली होतीस.

रुचाने सांगितलं. तू त्या दिवशी शाळेतून घरी गेलीस आणि ती कांडी जिथून उचलली होतीस तिथेच, टेबलावर परत ठेवलीस. काही विचारलं नाहीस. संध्याकाळी परातभर मटार घेऊन तिच्या अभ्यासाच्या टेबलाशेजारी बसलीस आणि सोलायला लागलीस. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. "मला आधी राग यायचा, मावशी. मला कळलं होतं की तिला कळलंय. ती ओरडली असती तर मी पण ओरडले असते आणि विषय संपला असता. पण ती नुसती सोलत बसायची. मग मी पण सोलायला लागले. आणि एक दिवस म्हटलं, आई, तुला माहितीये ना? ती म्हणाली, हो. सोल."

"मग?"

"मग काही नाही. तिने कुठून आणलंस विचारलं नाही, कुणी दिलं विचारलं नाही. विचारलं, कोणत्या वेळी ओढावंसं वाटतं? मी सांगितलं, क्लासवरून आल्यावर. तर त्या वेळी ती घरी असायची. डॉक्टरांकडे पण आम्ही दोघी गेलो. मधे मी परत ओढलं. तेही तिला सांगितलं. ती म्हणाली, बरं, चल, आज जास्त मटार आणलेत. आणि मी बोलले त्याच दिवशी तिने शब्द दिला होता, तू सोडेपर्यंत कुणाला सांगणार नाही, आणि सोडल्यावरही नाही. ही गोष्ट तुझी आहे, म्हणाली. तुम्हाला माहीत होतं ते फक्त त्या कॉम्प्युटरमुळे."

म्हणजे मी "लोकांना भितेस" म्हणत होते आणि तू स्क्रू आवळत होतीस. एकदा तरी मला सांगायचंस ना गं, शब्द दिलाय म्हणून. पण नाही. तेवढं सांगितलं असतंस तरी शब्द थोडा मोडलाच असता, नाही का? तू हिशेबाला पक्की. मी त्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा रडले. शोकसभेत रडले नव्हते, तुझ्या घरी रडले नव्हते. तिथे ब्युरेट, बाटल्या आणि बेसिनमधल्या पिवळ्या डागांसमोर रडले. रुचा उठून पाणी द्यायला गेली नाही. माझ्या बाजूला येऊन बसली.

मग मला काय सुचलं ते ऐक. मी स्टँडवर फोन लावला. इतकी वर्षं हेच तर मागत होते ना तुझ्याकडे. रुचाने पण केस सारखे केले आणि म्हणाली, "लावा मावशी, मी बोलते." आणि मलाच नको वाटायला लागलं. हिचं कॉलेज आहे, उद्या नोकरी आहे, लोक एकदा बोलायला लागले की कुणाचं ऐकत नाहीत. तुझे सगळे मुद्दे माझ्या तोंडून येत होते. ती हसली. "तुम्ही आईसारखं बोलताय." मी म्हटलं, बोलणारच, आता तिच्या बाजूने बोलायला कोण उरलंय?

शेवटी आम्ही व्हिडिओ केला नाही. रुचाने फोन स्टँडवरून काढून हातात घेतला आणि त्या एका बाईसाठी बोलली. लूम बंद होते, आवाज स्वच्छ आला. तिचं हिंदी तुझ्यापेक्षा बरं आहे, एवढं तरी मान्य कर. "आंटी, मैं बाजी की बेटी बोल रही हूँ. आप नाराज़ मत होना, जवाब देने में देर हो गई. मैं भी पीती थी, आंटी. मम्मी मेरे बाजू में बैठती थी, मटर छीलती थी. आप बैठते रहना. वो उठ के नहीं जाता मतलब उसको अच्छा लग रहा है. एक दिन वो खुद बोलेगा. जब बोले तब डाँटना मत. ये पूछना कि किस टाइम पीने का मन करता है, और उस टाइम पर घर में रहना. और डॉक्टर के पास साथ में जाना, अकेले मत भेजना. मम्मी ऐसा ही कहती है."

'कहती है' म्हणाली, बघ.  ती बटणावर बोट तसंच धरून बसली होती, मग सोडलं. निरोप गेला.

तू म्हणायचीस, गोष्ट तिची आहे. तिने ती दिली, पण अख्ख्या भिवंडीला नाही, एकीला दिली. यात तू जिंकलीस की मी, हे मला कळत नाही. पुढच्या शुक्रवारी वाद घालायला तू असतीस तर ठरवलं असतं. चॅनेल बंद करायचं नाही, एवढं आमचं ठरलंय. बायकांच्या निरोपांना रुचा उत्तर देणार, मी स्टँड सांभाळणार आणि एक मिनिट म्हणजे एकच मिनिट ठेवणार.

आम्ही दार लावून निघतच होतो तेव्हा फोन वाजला. त्याच बाईचं उत्तर होतं. आवाज रडका होता की हसरा, सांगता येत नाही. "अच्छा, बाजी की बेटी हो? माशाल्लाह. कल से मटर ले के बैठूँगी. बेटा, अम्मी को मेरा सलाम बोलना. बोलना, वो लड़का उठ के नहीं जाता."

रुचा जिन्यात तशीच उभी राहिली. फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "मावशी, आईला तुम्ही सांगा. मला नाही जमणार."

म्हणून लिहायला बसले, संध्या. तुला सलाम सांगितलाय. आणि मुलगा उठून जात नाही.